चढावर थांबणारे बाबा

बाबा चाकणच्या एका कंपनीत आयुष्यभर मेंटेनन्स फिटर होते. बंद पडलेल्या मशीनशी तासन्‌तास बोलतील, पण आईशी दोन शब्द बोलायचे तर यांच्या जिवावर यायचं. त्यामुळे रिटायर झाल्यावर ते सकाळी तिच्यासोबत ताथवड्यात फिरायला जाऊ लागले आणि वाटेत थांबून गप्पाही मारू लागले, तेव्हा घरात आनंदीआनंद झाला. चढ आला की हे थांबणार आणि एखाद्या नव्या इमारतीकडे बोट दाखवणार. "पाईप कसं वाकडं टाकल्यात बघ." आईला पाइपांत काडीचा रस नव्हता, पण घरी येऊन ती लाजत सांगायची, "आता बोलायला लागलेत हो."

एका रविवारी मीही बरोबर गेले. चढावर बाबांचं एक बोट इमारतीकडे होतं आणि दुसऱ्या हाताची मूठ छातीवर.

"बाबा, छातीत दुखतंय?"

"दुखत न्हाई गं. आवळल्यावानी हुतं. थांबलं की जातं. मशीन गरम झालं की बंद करायचं, गार झालं की चालू. त्यात काय एवढं?"

"कधीपासून?"

"गणपतीपासनं."

मी भडकलेच. कंपनीच्या मशीनचा नुसता आवाज बदलला तरी ते उघडून बघणारा हा माणूस, स्वतःच्या छातीवर मात्र गॅसच्या गोळ्या चघळत होता! उद्या सकाळी डॉक्टरकडे, मी ठणकावलं.

मी उद्यापर्यंत थांबले हीच चूक. दुपारी बसल्याबसल्या ते घामाने भिजले. जबडा दुखू लागला, डावा हात भरून आला आणि या वेळी कितीही बसलं तरी आवळणं जाईना. तरी ओवा द्या म्हणून हट्ट चालूच. मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. वाटेत मी भीतीने रडत होते आणि हे ऑक्सिजनच्या मास्कमधून ड्रायव्हरला सांगत होते, "भाऊ, इंजिनचा बेल्ट वाजतोय, बदलून घ्या."

हार्ट अटॅकच होता. डॉक्टरांनी बंद झालेली रक्तवाहिनी उघडून स्टेंट बसवला. वेळेत आणलंत, म्हणाले. आई कॉरिडॉरमध्ये बसून होती.

"मला वाटलं, माझ्याशी बोलायला थांबतात," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दोघं पुन्हा फिरायला निघाले, पाठोपाठ मी. चढ आला तसे बाबा भराभर वर गेले, आई मागे पडली. आणि अर्ध्यावर बाबा एकदम थांबले.

आई पांढरीफटक पडली. धापा टाकत त्यांच्यापाशी पोचली. "अहो, पुन्हा आवळतंय का?"

"न्हाई," बाबा म्हणाले. "तू मागं ऱ्हायलीस."