वेळेआधी आलेली नोंद

भूत, करणी, शकुन... यातलं मी काही मानत नाही. आमच्या नांदेडला कुणाला झपाटलंय म्हटलं की मी आधी त्याचा ताप बघायला सांगायचो. तरी हे लिहितोय, कारण आता पोटात ठेववत नाही.

मी लातूरच्या एका खासगी दवाखान्यात आयसीयूचं सॉफ्टवेअर सांभाळतो. बेडजवळच्या मॉनिटरचे आकडे सिस्टरच्या स्क्रीनवर ताबडतोब दिसायला हवेत. पण बाहेरून कुणी खोटे आकडे घुसवू नयेत म्हणून प्रत्येक नोंदीची झडतीही घ्यावी लागते. झडती लांबली तर पेशंट हातचा जातो, ढिली पडली तर कुणीही त्याच्या जिवाशी खेळेल. म्हणून मी नियम घातला होता — नोंदीवरची वेळ घड्याळाशी जुळली नाही, की ती अडवायची.

गेल्या उन्हाळ्यात माझे अब्बा तिथंच चार नंबर बेडवर होते. नांदेडला त्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. छातीत दुखायला लागलं म्हणून मीच इकडं आणलं. एका दुपारी सर्व्हरवर त्यांच्या नावाच्या दोन नोंदी अडवलेल्या दिसल्या. दोन्हीत नाडी शून्य. पहिलीवरची वेळ अजून यायची होती... थोड्याच मिनिटांत.

काचेतून पाहिलं, अब्बा आरामात मोसंबी खात होते. मॉनिटरचं घड्याळही बरोबर. सुनंदा सिस्टरना मी पहिली नोंद दाखवून म्हटलं, कुणीतरी खोटं पाठवलंय, सिस्टीमनं अडवलंय, काळजी नको. सिस्टर उमरीच्या, बोलणं मोजकं.

"खोटं असलं तर चक्कर वाया जाईल माझी. दुसरं काय हाय त्यात?"

शॉकचं मशीन ढकलत त्या अब्बांजवळ जाऊन उभ्या राहिल्या. ती वेळ आली आणि अब्बांच्या हातातली फोड खाली पडली.

सिस्टर तिथंच होत्या म्हणून अब्बा परत आले. मॉनिटरच्या कंपनीनं सगळं तपासलं. नोंद त्याच मशीनची, अस्सल आहे, एवढंच कळवलं. ती वेळेआधी आली कशी, हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

दुसऱ्या नोंदीबद्दल मी कुणाकडे बोललो नाही. तिच्यावर पुढच्या वर्षाची तारीख आहे.

परवा अब्बांचा फोन आला. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी दोन तारखा निघाल्यात, एक त्या नोंदीच्या आधीची, एक नंतरची. दुसरी घेऊ म्हणाले, तयारीला सवड मिळेल. मी म्हटलं, पहिलीच घ्या.

"इत्ती घाई कायकू रे? मैं कहां भागके जा रा?"

पुढं रजा मिळणार नाही, असं सांगितलं. फोन ठेवला आणि खूप रडलो.