विहिरीपर्यंत न पोचणारं तणनाशक

"लाल नको," माझ्या मॉनिटरवर बोट ठेवून परब सर म्हणाले. "क्लायंटला हिरवं हवंय."

मी अंधेरीतल्या एका कन्सल्टन्सीत मॉडेलिंग करते. रॅम्पवरचं नाही. शेतात मारलेलं औषध मातीत किती खोल उतरेल, किती दिवस टिकेल, हे कॉम्प्युटरवर आधीच काढायचं. यावेळी भातासाठीचं तणनाशक होतं. पाकिटावर 'विहिरीजवळ सुरक्षित' असं छापायची कंपनीला घाई. कोकणची जांभी माती आणि तिथला पाऊस घालून मी मॉडेल चालवलं, तर औषध थेट विहिरीत आणि स्क्रीनवर धोक्याचा लाल रंग. ते पाणी लोक पितात, एवढीच काय ती अडचण.

"मग माती बदल ना!"

सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक क्लिक पुरते. सरांनी युरोपातली एक काळी, सेंद्रिय कर्बाने भरलेली माती पसंत केली. कर्ब औषधाला धरून ठेवतो, खाली उतरू देत नाही. विहीर वाचली. पण तिकडच्या थंडीत औषध नष्टच होईना, वर्षानुवर्षं साठत चाललं. पुन्हा लाल.

"तापमान कोकणातलं घे."

"सर, माती तिकडची आणि ऊन इकडचं?"

"अगं, थोडं अॅडजस्ट करावं लागतं."

मग पाऊसही थोडा अॅडजस्ट झाला. सगळं हिरवंगार. असं शेत पृथ्वीवर कुठेच नव्हतं, पण रिपोर्टमध्ये ठिकाण लिहावंच लागतं. माझं डोकं सणकलं होतं. मी सही करणार नाही म्हणून सांगितलं. सरांनी कीबोर्ड ओढला आणि सुचलं ते पहिलं नाव टाकलं. स्वतःच्या गावाचं.

मीटिंगमध्ये कंपनीच्या देशपांडे मॅडम एकदम खूश. "झकास! मग फील्ड ट्रायल याच गावात घेऊ. अगदी विहिरीला लागून. फोटोपण छान येतील."

सर मीटिंगमध्ये एरवी इंग्रजी सोडत नाहीत. त्या दिवशी थेट मालवणीत ओरडले, "नको, नको! माझी आवस थयचा पाणी पिता!"

आवस म्हणजे आई. मॅडमना ते मी समजावून सांगितलं. त्यांनी रिपोर्ट मिटला.

"आणि बाकीच्यांच्या आया?"

 मी लॅपटॉपवर पहिला, लाल रिपोर्ट उघडला. आता पाकिटावर 'विहिरीजवळ वापरू नये' असं छापलं आहे.

मॉडेल अचूक करायला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. विहीर कोणाच्या आईची, एवढं विचारलं की भागतं.