आतलं बाहेर

पत्नीच्या वर्षश्राद्धाआधी तिच्या आवाजाच्या फायली मला नीट लावून ठेवायच्या होत्या. तिचा फोन बंद पडला तेव्हा दुकानदाराने त्यातून काढून दिलेल्या त्या चाळीसेक फायली. त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. मी निवृत्त ग्रंथपाल. नावं लावणं हेच आयुष्यभर केलं. दर्पण कॉलनीतल्या रिकाम्या घरात बसून पुस्तकावरून शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने हुकूम देणारी यादी, लिहायला शिकलो.

प्रत्येक फाइलला तिथीचं नाव द्यायचं ठरवलं. ते 'नाव' या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या कप्प्यात, ठेवलं. सोबतच्या सूचीत तिचं नाव लिहिण्यासाठी स्क्रिप्टमध्येच एक फंक्शन, म्हणजे वेगळा छोटा भाग, केलं, आणि त्याच्या आतही 'नाव' हाच शब्द वापरला. आमच्या घरात माजघरातलं बोलणं बैठकीत येत नसे. तिचं नाव मी चारचौघांत कधी घेतलं नाही. फंक्शनमधलं फंक्शनमध्येच राहील, असं मी धरून चाललो.

स्क्रिप्ट क्षणात संपली. फोल्डरमध्ये एकच फाइल उरली होती, तिच्या नावाची.

शिंदे की छावनीत राहणारी भाची संगणकाचंच काम करते. ती संध्याकाळी आली, स्क्रिप्ट ओळीओळीने वाचली.

"मामा, आत 'लोकल' लिहिलं नाहीत. शेलमध्ये ते लिहिलं नाही तर आतली किंमत बाहेरची पुसून टाकते. प्रत्येक फाइलला मामीचंच नाव मिळालं, आणि प्रत्येक नवी आधीची पुसून तिच्या जागी बसली."

"सगळ्या?"

"आणि कॉपी करायचं सोडून मूव्ह का केलंत? लायब्ररीत मुलांना ओरडायचात ना, मूळ प्रतीला हात लावू नका म्हणून? और खुद?"

मी हसलो. तिला हसू आलं नाही. रविवारभर तिने डिस्क चाळून पाहिली. काही मिळालं नाही.

उरलेली फाइल अकरा सेकंदांची आहे. "अहो, सराफ्यात आहे. बांगडीचा टाका पक्का झाला. उशीर होईल, आप खा लेना." मागे एक स्कूटर जाते.

भाची गेल्यावर मी फंक्शनमध्ये 'लोकल' लिहिलं, मूव्हच्या जागी कॉपी केलं आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. या वेळी ती बिनचूक चालली. त्या एका फाइलला तिची तिथी मिळाली.