गोविंदाजींच्या पुस्तकाची भाषा

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि आता तुम्हाला सांगतानाही संताप येतोय — माझाच मला.

भंडाऱ्यात माझं टायपिंगचं दुकान आहे. पूर्वी अर्ज, बायोडाटा, लग्नपत्रिका. हल्ली लोक स्वतःच पुस्तकं काढतात. प्रकाशकाच्या दारात कोण ताटकळणार? मजकूर संकेतस्थळावर चढवायचा, मुखपृष्ठ निवडायचं. कोणी मागवली की तेवढीच प्रत छापून येते. हे सगळं मी करून देते.

पवनीचे गोविंदाजी असेच आले. सत्तरी ओलांडलेले, जन्मभर मागावर बसलेले. दोन वह्या होत्या — बापाच्या, मागाच्या, विणकरांच्या मोहल्ल्याच्या आठवणी, सगळ्या आपल्या झाडीबोलीत. म्हणाले, "टाइप कर. पन माह्या शब्दाले हात नको लावजो, बाई." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जात होतं?

दहा पानं टाइप केली. शब्दाशब्दाखाली संगणकाची लाल रेघ. कंटाळा आला — बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधू नका, मीही शोधून पाहिलंय. टाइप केलेली पानं आणि उरलेल्यांचे फोटो एआयला दिले आणि सांगितलं, सगळं शुद्ध मराठीत लिहून दे. त्यानं दिलं. 'धोटा धावून राहिला'चं झालं 'विणकामाचे साधन गतिमान झाले होते'. मी ते वाचलं. वाचूनही तसंच ठेवलं.

संकेतस्थळाचा नवा नियम होता, फॉर्मवर विचारलेलं — मजकूर एआयनं तयार केला आहे का? मी 'नाही'वर खूण केली. खातं गोविंदाजींच्या नावाचं. म्हणजे खोटं मी बोलले, आणि ते लागलं त्यांच्या नावाला.

पुस्तक आलं. दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांनी पान उलटलं, मग परत मागे गेले. "हे कोनं लिवलं?" मी सांगितलं, पुस्तकात अशीच भाषा लागते, सरकारी नियम आहे. असा नियम नाही. कुठंच नाही. पण नियमाचं नाव काढलं की असा माणूस गप्प बसतो, हे मला ठाऊक होतं — आणि तेच मी वापरलं. "नियम हाय तं हाय," ते म्हणाले.

काही महिन्यांनी संकेतस्थळानं पुस्तक काढून टाकलं, त्यांचं खातं बंद केलं. कारण — तपासणीत आढळलं, एआयचा वापर लपवला. गोष्ट गावभर झाली. मग भंडाऱ्यातल्या वाचकांच्या बैठकीत एका निवृत्त मास्तरांनी सगळ्यांसमोर हसत विचारलं, "काय गोविंदाजी, एआयकडून लिहून घेतलं म्हणतात?"

ते उभे राहिले. "मी हातानं लिवलं जी."

"मग वह्या दाखवा," कोणीतरी म्हणालं.

वह्या माझ्या दुकानात होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तिसऱ्या रांगेत — मोबाइलमध्ये डोकं घालून. एक वाक्य बोलायचं होतं. एकच. जीभ झडली होती का माझी? त्यांनी माझं नाव घेतलं नाही. घ्यायला हवं होतं. ते खाली बसले, आणि चहा यायच्या आधीच निघून गेले.

पुढे मी वह्या त्यांच्या सुनेच्या हातात देऊन आले, दारातूनच. ती म्हणाली, बाबा आता लिहीत नाहीत. मी 'अरेरे' म्हटलं. हो — 'अरेरे' म्हटलं मी.

यंदा त्याच बैठकीनं मला बोलावलं. विषय — स्वतः पुस्तक काढताना पाळायचे नियम. एआय वापरलं तर प्रामाणिकपणे कळवा, लेखकाला विचारल्याशिवाय त्याचा शब्द बदलू नका — तासभर बोलले. चांगली बोलले. शेवटी तेच मास्तर उठले आणि म्हणाले, गोविंदाजींसारख्यांनी हे आधी ऐकलं असतं तर बरं झालं असतं. लोक हसले.

मी त्यांना थांबवलं नाही. दिलेली शाल खांद्यावर घेतली आणि वाकून नमस्कार केला.