पाठीमागं सरकवलेले धोंडे

कुत्र्याच्या पोटावर सलग अर्धा तास बोलू शकणारा मास्तर आमच्या शाळेत एकच होता, आणि तो मी. स्टाफरूममध्ये कुणी घाईघाईत डबा खाताना दिसला की मी सुरू व्हायचो, "सर, हळू. असंच भरभर खाऊन कुत्र्याचं पोट फुगतं, मग ते पिशवीसारखं स्वतःभोवती फिरतं, आणि पीळ बसला की काही तासांत खेळ खलास." समोरच्याचा घास तिथंच थांबायचा. पुढं पुढं लोक माझ्याकडं पाठ करून जेवायला लागले.

या ज्ञानाचं कारण चार पायांचं होतं. जालन्यातल्या एका मारवाडी व्यापाऱ्याच्या मुलाची मी दहावीची गणितं घेतली होती. पोरगं पास झालं त्या आनंदात शेठजींनी त्यांच्या ग्रेट डेन कुत्रीचं एक पिल्लू मला दिलं. देताना ते प्रामाणिकपणे म्हणाले, "मास्तर, एक बात ध्यान में रखो. याची आई पोट पलटून गेली. खोल छातीचे कुत्रे हे, याच्या खानदानातच आहे ते." मी हसून पिल्लू खिशात घालावं तसं घेऊन आलो. वर्षभरात ते एवढं वाढलं की आमच्या बदनापूरची पोरं त्याला शिंगरू म्हणायला लागली. आम्ही ठेवलेलं त्याचं खरं नाव इथं लिहीत नाही. ते माझ्या सासऱ्यांच्या चुलत्याचंही नाव निघालं, आणि त्यावरून एकदा पुरेसं झालेलं आहे.

सुरुवातीला मी शहाणपणा केला. एवढा उंच प्राणी जमिनीपर्यंत वाकून खातो हे मला बरं वाटेना, म्हणून त्याचं भांडं शाळेतून आणलेल्या मोडक्या स्टुलावर ठेवलं. दिवसातून एकदाच, पण पोटभर द्यायचो. जालन्याच्या डॉक्टरांनी हे ऐकलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "सर, तुम्ही आजार बोलावून त्याला बसायला स्टूल देताय." त्यांनी सगळं समजावून सांगितलं. भांडं खाली ठेवायचं. दिवसातून तीन वेळा थोडं थोडं द्यायचं. गिळू नये म्हणून भांड्यात एक मोठा गुळगुळीत गोटा ठेवायचा, म्हणजे त्याच्या कडेकडेनं त्याला चाटून खावं लागतं. खाल्ल्यावर दोन तास पळवायचं नाही, एकदम बादलीभर पाणी प्यायला द्यायचं नाही. आणि शेवटी ते म्हणाले, "याच्या आईचा इतिहास बघता पोट आतून बरगडीला टाके घालून बांधून टाकू. मग फुगलं तरी फिरणार नाही."

टाक्यांचं मी म्हणालो, दिवाळीच्या सुट्टीत करू. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत करू म्हणालो. बाकीचं सगळं मात्र एका ड्रॉइंग शीटवर तीन रंगांत लिहून फ्रिजवर लावलं, आणि ते शीट डॉक्टरांना दाखवायलाही घेऊन गेलो. ते म्हणाले, "छान. अक्षर छान आहे."

त्या वर्षी अधिक महिना आला. आमच्याकडं अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, आणि या महिन्यात जावयाला घरी बोलावून धोंडे खाऊ घालतात. धोंडा म्हणजे कणकेत पुरण भरून वाफवलेला गोळा, वर तुपाची धार. नाव दगडाचं आहे आणि चार खाल्ले की पटतं. माझं सासर तीर्थपुरीला. सासूबाईंच्या हाताला चव आहे आणि त्या हाताला ब्रेक नाही. जावयानं नको म्हणायचं, त्यांनी वाढायचं, जावयानं ताटावर आडवा हात धरायचा, त्यांनी बोटांच्या फटीतून वाढायचं. लग्नापासून हे चाललं होतं. मला डॉक्टरांनी (माणसांच्या) गोड कमी करायला सांगितलं होतं, पण सासूबाईंना नाही म्हणायची माझी प्राज्ञा नव्हती.

कुत्र्याला घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्याला मागच्या सीटवर घालून आम्ही निघालो. सासरी पोचल्या पोचल्या मी अंगणात उभं राहून जाहीर केलं, "याला कुणी काही द्यायचं नाही. प्रवासामुळं दुपारचं जेवण बंद. संध्याकाळी घरी गेल्यावर मी देईन." सासरे म्हणाले, "अरे वा, कुत्र्याला उपास अन् जावयाला धोंडे." सगळे हसले. मीही हसलो.

मी जेवायला बसलो तो पाट मागच्या दाराला लागून होता. दाराबाहेर, अगदी माझ्या पाठीशी, कुत्रा पडलेला. सासरे पलीकडच्या खोलीत बातम्या बघत होते, बायको चुलीपाशी. तिसरा धोंडा कसाबसा उतरला आणि सासूबाई चौथा घेऊन आल्या. त्या तूप आणायला आत वळल्या, आणि माझा हात आपोआप पाठीमागं गेला. मऊ, गरम नाकाचा स्पर्श झाला. धोंडा नाहीसा झाला. चावल्याचा आवाजसुद्धा नाही.

सासूबाई परत आल्या, ताट रिकामं. त्यांचा चेहरा असा फुलला की मला लाज वाटायच्या ऐवजी अभिमान वाटला. "आज जेवले बघ जावईबापू! घ्या, अजून दोन घ्या." ते दोनही गेले. मग दोनदोन करत आणखी बरेच गेले. मी मधेमधे ढेकर दिल्यासारखं करत होतो. "वा मामी, आजचे धोंडे वेगळेच झालेत," असंही म्हणालो. पाठीमागचं गिऱ्हाईक बिनतक्रार होतं.

हात धुवायला उठलो तेव्हा कुत्रा हौदात तोंड घालून पाणी पीत होता. थांबतच नव्हता. माझ्या डोक्यात ते ड्रॉइंग शीट उभं राहिलं, पाण्याची ओळ निळ्या रंगात होती. तेवढ्यात सासरे बाहेर आले. "लेकरू सकाळपासून बांधल्यावानी पडून राह्यलंय. जरा मोकळं फिरू द्या की." त्यांनी काठी फेकली. कुत्रा वासराच्या मागून, कडब्याच्या गंजीला वळसा घालून, चिखल उडवत सुसाट सुटला.

त्याला आवरायचं तर कारण सांगावं लागणार होतं. कारण सांगायचं तर धोंडे सांगावे लागणार होते. मी ओसरीवर उभा राहिलो आणि म्हणालो, "बघा कसा पळतो!"

तासाभरानं तो परत आला आणि बसेना. बसायचा, उठायचा, वळून स्वतःच्या कुशीकडं बघायचा. मग मान खाली घालून ओकारीची उबळ काढायला लागला. उबळ मोठी, पण बाहेर काहीच येईना, नुसती फेसाळ लाळ. मी हे सगळं ओळखत होतो. स्टाफरूममध्ये मी ही उबळ करून दाखवायचो, लोक हसायचे.

सासऱ्यांनी त्याच्या पोटावर टिचकी मारली. ढब्ब आवाज आला. "फुगलं की हे. म्हशीला होतं तसंच झालंय. घाबरू नका." ते आत जाऊन बाटलीभर करडईचं तेल घेऊन आले. "तोंडात आडवी काडी बांधू, तेल पाजू, अन् चार चकरा मारू. मागच्या साली लाल गायीला असंच केल्तं."

"मामा, तेल नको," मी म्हणालो. "हे म्हशीचं पोट नाही."

"मंग काय डोकं हाय का?"

बायकोनं डॉक्टरांना फोन लावून माझ्या हातात दिला, स्पीकर चालू. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "सर, काय खाल्लंय त्यानं? किती वेळ झाला?"

समोर सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात घरी न्यायला बांधलेल्या धोंड्यांचा डबा होता.

"काही नाही," मी म्हणालो. "सकाळी घरी खाल्लं तेवढंच."

डॉक्टर म्हणाले, "मग पळाल्यानं साधा गॅसही झालेला असू शकतो. तेल वगैरे काही देऊ नका. दहा-पंधरा मिनिटं नजर ठेवा, जरा वाढलं की थेट निघा."

ती पंधरा मिनिटं मी अंगणात घालवली. ती माझी आहेत, दुसऱ्या कुणाची नाहीत. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मनात म्हणत होतो, एक ढेकर दे. एकच दे. मी जेवताना खोट्या दिल्या, तू एक खरी दे. पोट हाताखाली ताणत चाललं होतं. मला ते कळत होतं आणि मी घड्याळाकडं बघत होतो, जणू पंधरा मिनिटं पुरी होण्याआधी मला निघायची परवानगीच नव्हती.

बायको त्याच्यासमोर उकिडवी बसली. तिनं त्याचा जबडा हातात घेतला, मिशांपाशी थांबली, बोटानं काहीतरी पुसलं आणि नाकाशी नेलं. मग माझ्याकडं बघितलं.

"तूप आहे हे."

मी त्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"किती दिले?"

"चार-पाच..."

"किती?"

"अकरा," मी म्हणालो.

सासऱ्यांनी तेलाची बाटली खाली ठेवली. सासूबाईंनी डब्याचं झाकण उगाच दाबलं. बायको तोवर गाडीत जाऊन बसली होती.

तिनं गाडी चालवली. सासरे पुढं, मी मागं, आणि माझ्या मांडीवर त्याचं डोकं. मी पुन्हा डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. ते फक्त म्हणाले, "निघालात ना? मी टेबल तयार ठेवतो." मला ओरडले असते तर बरं झालं असतं.

दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी कपाशी, मधे खड्डे. प्रत्येक खड्ड्याला तो कण्हायचा आणि बायको आरशात बघायची, माझ्याकडं नाही, त्याच्याकडं. एका ठिकाणी शेळ्यांचा कळप आडवा आला. सासरे काच खाली करून ओरडले, "ए बाबा, जल्दी कर ना! लेकरू मरून राह्यलंय इथं!" दोन वर्षांत त्यांनी त्याला कुत्र्याशिवाय दुसरं काही म्हटलं असेल तर ते थट्टेत. या वेळी थट्टा नव्हती.

त्याचा ओठ वर करून मी हिरड्या बघितल्या. गुलाबी असतात, त्या पांढुरक्या झाल्या होत्या. मी नवस बोलायला लागलो. आमच्या घरात नवस बोलायची पद्धत नाही, आईवडिलांनी तसं शिकवलंच नाही, त्यामुळं कुणाला बोलायचा हेही मला नीट ठरवता येईना. मी नुसतंच म्हणत राहिलो, हा वाचू दे, मी जन्मात पुरण खाणार नाही. मग लक्षात आलं की आजसुद्धा मी फारसं खाल्लेलं नाही, आणि नेमकं तेच तर झालंय. तो मात्र शेपटीचं टोक हलवत होता. मी नाव घेतलं की हलवायचा. म्हणून मग मी नाव घ्यायचंही बंद केलं. ते बघवेना.

जालन्यात पोचलो तेव्हा त्याला पायावर उभं राहता येत नव्हतं. सासरे आणि मी चादरीची झोळी करून त्याला आत नेलं. डॉक्टरांनी कुशीवरचे केस भादरले, जाड सुई घुसवली. फुस्स करून हवा बाहेर आली, आणि त्या खोलीत वेलचीचा वास पसरला. वेलची, जायफळ, गूळ. सासूबाईंच्या स्वयंपाकघराचा वास. आजही कुठं पुरण शिजत असेल तर मला थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहावं लागतं.

"पीळ बसलाय," डॉक्टर म्हणाले. "उघडावं लागेल. वाचेलच असं मी म्हणणार नाही."

आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. बायको मधे. मी म्हणालो, "मला नाही म्हणता येत नाही गं मामींना." ती म्हणाली, "मला माहितीये. पण अंगणात तो फेस गाळत होता तेव्हा तरी." तिचं पुढचं वाक्य मी आजवर स्वतःच निरनिराळ्या तऱ्हेनं पुरं करत आलोय.

दिवेलागणीला डॉक्टर बाहेर आले. पोट सरळ झालं होतं. पोटाला लागून असलेली पाणथरी, म्हणजे प्लीहा, काळी पडली होती, ती काढावी लागली. पोट बरगडीला टाके घालून बांधलं होतं, दोन सुट्ट्या मी पुढं ढकललेलं काम. "उशीर कितीचा झाला?" मी विचारलं. ते हातमोजे काढत म्हणाले, "सर, ते मोजू नका. पाणथरी गेली, कुत्रा राहिला." मग म्हणाले, "तो तक्ता तुमचाच ना? तीन रंगांचा?"

तीन दिवस तो जगेल की नाही हे ठरत नव्हतं. चौथ्या दिवशी त्यानं डॉक्टरांच्या हातातलं पातळ वरण चाटलं. त्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याच म्हणाल्या, "जावईबापू, मी बघत होते."

"काय?"

"तुमचा हात मागं जाताना. दुसऱ्याच धोंड्याला बघितला. मला वाटलं, ताट तर रिकामं दिसतंय, वाढावं. न वाढता जावई उठला तर कसं दिसंल?" मग म्हणाल्या, "तुम्हाला नको म्हणता येईना अन् मला थांबता येईना. मुकं जनावर मधे सापडलं हो."

यंदा पुन्हा अधिक महिना आला. आम्ही तीर्थपुरीला गेलो. कुत्रा सोबत होता, पोटावर लांब वण, भांडं जमिनीवर, आणि त्यात गोटा. गोटा सासूबाईंनी स्वतः ओढ्यातून आणून घासून ठेवला होता. पाट आता समोरच्या भिंतीला मांडला होता. त्यांनी दोन धोंडे वाढले आणि तिसरा हातात घेऊन थांबल्या.

"बस का?"

"बस," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

तिसरा धोंडा परत पातेल्यात ठेवायला त्यांना फार वेळ लागला.

कुत्रा मात्र काही शिकलेला नाही. घरी मी जेवायला बसलो की तो अजून माझ्या पाठीमागं येऊन पडतो, नाक माझ्या कमरेला लावून. ओरडत नाही, मागत नाही. त्या हातातून काहीतरी चांगलंच येतं अशी त्याची खात्री आहे. मी दोन्ही हात ताटात ठेवून जेवतो.