सायलीने विकत घेतलेलं बाळ

किस्से गोळा करायला मी कुठे जात नाही हो! ठाकुर्लीत आमच्या बिल्डिंगला जिना आहे, आणि मला केर सावकाश काढायची सवय आहे. तेवढ्यावर ढीग जमतो. परवाच वरून आवाज आला, "कुंदावहिनींच्या सायलीने तिकडे आफ्रिकेत मूल विकत घेतलं, आणि आता ते घेऊन..." आणि नेमका कुणीतरी मिक्सर लावला!

कुंदावहिनी म्हणजे माझ्या समोरचं दार. सायली त्यांची मुलगी, मलावी देशातल्या एका खेड्यात दवाखान्यात नर्स आहे. तिचा व्हिडिओ कॉल आला की मी साखर मागायला गेलेलीच असते. त्यामुळे त्या गावातलं मला बरंच माहीत आहे. कळतं किती, ते वेगळं.

*

"इथे सगळे शेतकरी, काकू. पण घरात खायला नाही," सायली म्हणाली.

"अगं, तुझ्या मागे शेत दिसतंय की हिरवंगार!"

"तो मका अजून पिकायचाय. गेल्या वर्षीचा संपला. नि याच दिवसांत निंदणी, याच दिवसांत मलेरिया."

हिरव्या शेतात उभं राहून माणूस उपाशी? घरी येऊन ह्यांना विचारलं, "असं कसं हो?"

हे म्हणाले, "आमटीत मीठ जास्त झालंय."

*

सायलीने घरोघरी मच्छरदाण्या वाटल्या. नंतर बघते तर सगळ्या भाजीच्या रोपांवर!

एक आजोबा म्हणाले, "कोंबड्या रोपं खातात."

"आणि डास तुम्हाला खातात, त्याचं काय?"

"डास खाऊन जातात, बाई. कोंबड्यांनी खाल्लं तर आम्ही खायचं काय?"

कुंदावहिनी हसल्या, मीही हसले. साखरेची वाटी मात्र मी रिकामीच परत आणली.

*

एकाला गोळ्या दिल्या, बजावून सांगितलं, जेवणानंतरच घ्यायच्या. दोन दिवसांनी तो तापाने फणफणत परत आला. गोळ्या तशाच पुडीत!

"घेतल्या का नाहीत?"

"अजून जेवलो नाही."

*

मग ते बाळ. एलिझा म्हणून एक बाई, तिची आधीची मुलं जगली नव्हती. हे एवढंसं, काटकुळं. त्याचं तिने नावही ठेवलं नव्हतं. दवाखान्यात दर आठवड्याला वजन करून अशा बाळांना शेंगदाण्याचं खास खाणं मिळतं, पण ही येईचना!

"निंदणी सोडून येऊ?" ती सायलीला म्हणाली. "हे तर जाणारच आहे. शेत गेलं तर सगळेच जातील."

सांगताना सायली फोनवर रडायलाच लागली. तळमजल्यावरच्या ठमीमावशी, जुन्या गावठाणातल्या, तिथेच बसलेल्या. त्यांनी फोनच ओढला.

"अगो बाय, तिला सांग, पोर मला इक म्हनून! मूठभर दाणं दे नि घे. पोरं जगत नसली का आमच्यात असंच करायचं. र्‍हायाला तिच्याच घरी, पन पोर तुझं!"

"मावशी, मी नर्स आहे!"

"मंग दवा पन दे ना! कोन नको बोल्ला?"

सायलीने खरंच मूठभर मका दिला. एलिझाने बाळ तिच्या हातात ठेवलं, आणि सांभाळायला म्हणून परत घेतलं. त्यानंतर एक आठवडा चुकवला नाही तिने!

"आता बरी येते?" कुंदावहिनींनी विचारलं.

"म्हणते, माझं असतं तर ठेवलं असतं घरी. दुसऱ्याचं मूल, त्याची हयगय कशी करू?"

यावर मी अजून विचार करतेय.

*

तर विकत घेणं माझ्या समोरच ठरलेलं. पण 'आता ते घेऊन' काय? इकडे येतेय की काय पोरगी? काल वाटी न घेताच गेले आणि सरळ विचारलं.

"विकत घेतलं ते खरं," कुंदावहिनी म्हणाल्या. "आणायचं मात्र खोटं."

झालं असं, की कापणी झाली आणि एलिझा दवाखान्याच्या दारात हजर. डोक्यावर टोपलीभर मका, पाठीला बाळ बांधलेलं. परत विकत घ्यायला आलेली!

सायली म्हणाली, "अगं, एवढा कशाला? मी तर मूठभरच दिला होता."

एलिझाने पाठीचं कापड सोडलं आणि बाळ तिच्या हातात दिलं.

"आधी उचलून बघ," म्हणाली. "मग भाव कर."