अण्णांचा पाय

तनुजा मॅडम आमच्या नांदेडच्या कॉलेजात शिकवतात. मूळच्या उमरीकडच्या, आणि महाहट्टी. वडील शेषेराव यांचा डावा पाय मळणी यंत्रात गेला, तेव्हा बाजारातला जड कृत्रिम पाय पाहून मॅडमनी नाक मुरडलं. काचतंतूंचं विणलेलं कापड राळेत, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या रेझिनमध्ये, भिजवलं, साच्यावर गुंडाळलं आणि पायाची हलकी नळी स्वतःच केली. प्रयोगशाळेत नळीवर भार दिला, टिकली. पिळून पाहिली, टिकली. पुढे बरेच दिवस बाई हवेत होत्या.

शेषेरावांचा जीव एकाच गोष्टीत. रोज सकाळी आपल्या पायांनी रानात जाऊन यायचं. पण पावसाळा लागला आणि ते ओसरीवरच बसून राहू लागले. विचारलं की म्हणत, "पाय मस्त हाय. मलाच कटाळा आलाय."

मॅडमना हे पटेना. एका रविवारी त्यांनी पाय काढून मागितला. नळीला भेग गेलेली, वरून तार करकचून आवळलेली.

"अण्णा, सांगितलं का नाही?"

"कालेजात तुझं नाव खराब झालं असतं."

मॅडम आधी चिडल्या, मग रडल्या. डोळे पुसून विचारलं, "चिखलात पाय रुतला की कसा काढता?"

"सरळ वढून निघतो व्हय? काळी माती हाय ती. अंगाचा भार टाकायचा, टाच फिरवायची, मंग सुटतो."

भार आणि पीळ, दोन्ही एकदम! मॅडमनी परीक्षा दोन्ही घेतल्या होत्या, पण वेगवेगळ्या. त्या कापडाचे धागे उभे आणि आडवे. उभे धागे भार पेलतात. पिळाची ओढ मात्र तिरकी, तिकडे धागाच नाही, सगळं राळेवर येतं. एकेकटं सोसतं, दोन्ही मिळून आलं की फुटतं. नव्या नळीत त्यांनी काही थर तिरके घातले, भार देता देताच पिळून तपासलं आणि नळी घेऊन गावी गेल्या. त्यांचा विद्यार्थी म्हणून मीही सोबत होतो.

शेषेराव ओल्या रानात उतरले. चार पावलांवर पाय रुतला. त्यांनी मागे लेकीकडे पाहिलं. तिचं काम पुन्हा आपल्याच हातून मोडेल, या भीतीनं त्यांची छाती होईना.

"फिरवा, अण्णा. जोर लावून फिरवा."

त्यांनी भार टाकला, टाच फिरवली. पाय सुटला. मग ते थांबलेच नाहीत. थेट पलीकडच्या बांधावर जाऊन उभे राहिले आणि ओरडले, "ये की, पोरी!"

पोरगी कुठली येते? तिच्या दोन्ही चपला चिखलात रुतल्या होत्या, आणि ती रडत-हसत त्या सरळ वर ओढत होती.